बुडालेल्या जीपचा विमा

४ सप्टेंबर १९६०

चि. जमना हीस नानाचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर मोतीबाई लिहिलं आहे. व्याऱ्याच्या आश्रमात मीनाबेननी तुझं तेच नाव सांगितलंय, ते मी मोडणार नाही. पण आत मी जमनाच लिहिणार. हे नाव मी स्वतः ठेवलेलं आहे.

हे हाती पडताच एक कार्ड टाक. "कापूस बरा आहे" एवढंच लिही, खाली सही नको. म्हणजे मला कळेल की तू धडधाकट आहेस. मी फार घाबरलोय, आणि का घाबरलोय ते सांगतो, हसू नकोस. परवा तुझं दहावं झालं. नदीकाठी पिंड ठेवला, दोन पावलं मागे सरतोय तोच कावळा आला आणि घास उचलून गेला. सगळे म्हणाले, "पाटील, कावळानी लगेच घास लिधा, पोर सुखी गयी." तुझ्या मायने असा हंबरडा फोडला की बायका तिला धरायला धावल्या. त्यांना वाटलं आईचं काळीज आहे. तिकडे तुला खरंच काही झालं असेल म्हणून ती भ्यायली होती, हे मला एकट्याला ठाऊक. वाटेत कानाशी लागून म्हणे, "तथा पोरले काही व्हयनं ते नही ना?"

तू म्हणशील, माझं दहावं कसलं? तुला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

त्या दिवशी सकाळी आपल्या आमशा ड्रायव्हरने तुला नंदुरबारच्या स्टेशनावर गाडीत बसवलं. तू गेलीस. येताना तो जीप घेऊन एकटाच परतत होता. आपल्या गावाखालच्या नाल्याच्या फरशीवर आला आणि वरून लोंढा आला. जीप अशी गेली म्हणतो, जशी एखादी म्हातारी टोपली डोक्यावरून उतरवून पाण्यात सोडते. आमशा बाभळीच्या फांदीला लटकला म्हणून वाचला. ओला, थरथरत गोठ्यात आला आणि मला म्हणाला, "नाना, गाडी तापीमा गयी." मी म्हटलं, जमना? तो म्हणाला, "ती रेलमा बठनी. मी हात दखाडा तिले."

मी त्याला कांबळं देतोय तेवढ्यात नवलकडचे, तुझ्या सासरचे लोक ओट्यावर येऊन बसले. तुला न्यायला आले होते. चौघे होते, नवल स्वतः होता, आणि त्याचा आवाज मी गोठ्यातून ऐकत होतो. या वेळी तुझ्या पाठीवरचे वळ पाहिल्यावर मी ठरवलं होतं की आता नाही पाठवायचं. पण बाहेर जाऊन काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. बाहेर गेलो, तोंड उघडलं, आणि शब्द आपोआप निघाले. "जीप नाल्यात गेली. जमना तिच्यात होती."

ते खोटं मी घडवलं नाही पोरी, ते माझ्या तोंडातून पडलं. पडलं ते उचलता आलं नाही. आमशा कांबळं पांघरून माझ्या मागे येऊन उभा होता, मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. त्याला मी नंतर एवढंच म्हटलं, तू काही बोलू नकोस. तो म्हणाला, "मी काय सांगू नही, नाना."

पुढे मग सगळं व्हायलाच लागलं. प्रेत सापडत नाही म्हटल्यावर गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करायला सांगितला, नारळाचं डोकं, दर्भाचे हात. तुझ्या नावाने तो जाळायचा. जिवंत मुलीच्या नावाने! मग एक सुचलं. सुताराला बाभळीत अडकलेली जीपची नंबराची पाटी सापडली होती, तेवढीच वस्तू नदीने परत दिली. ती मी धोतरात लपवून नेली, पुतळ्याच्या पोटात पानांखाली सरकवली, आणि मनात म्हटलं, देवा, हे क्रियाकर्म जीपचं आहे, माझ्या पोरीचं नाही, नीट वाचून घे. अग्नी दिला. राख आणि पाटी तापीत सोडली. तुझ्या मायलासुद्धा त्यानंतर रात्री झोप लागली.

म्हणून तो कावळा जीपसाठी आला असणार. पण जीपची इच्छा कावळ्याला काय कळणार? कार्ड टाक.

नाना

ता. क. तुझा राग मला माहीत आहे. दोनदा मी तुला सासरी परत पोचवलं. रागात कार्ड टाकलंस तरी चालेल.


२५ सप्टेंबर

चि. जमना,

कार्ड नाही आलं. मी बाजाराच्या दिवशी नंदुरबारला येऊन स्टेशनातल्या पेटीत पत्र टाकतो, गावच्या टपालात नाही, कारण आपला पोस्टमन पाकिटं उन्हाला धरून पाहतो. मीनाबेनकडे पत्र पोचलं की नाही, देव जाणे. तू रागावली आहेस असंच मी धरून चालतो. दुसरं काही धरलं तर जेवण जात नाही.

आज एका भलत्याच गोष्टीने डोकं फिरलंय, ते तुला सांगतो, म्हणजे जरा हलकं वाटेल. ज्या सुरतेच्या पेढीकडून आपण जीप वर्षाच्या कराराने भाड्याने घेतली होती, तिने बिल पाठवलंय. भाडं असतं तर समजलो असतो. हे बिल विम्याचं आहे! जीप बुडाली हे मी त्यांना दुसऱ्याच दिवशी तारेने कळवलं होतं. तरी भाद्रपदाचा हप्ता, आश्विनाचा हप्ता, आणि वर आणखी एक रक्कम, "परराज्यात गाडी वापरल्याबद्दल जादा विमा". सुरत आणि नंदुरबार मे महिन्यापर्यंत एकाच राज्यात होते. मी काय केलं? मी तर कापसाची पोती आणि केळीचे घड नेत होतो, आणि एक दिवस सकाळी उठलो तर सुरत परकं झालेलं. त्याचे पैसे माझ्याकडून?

पेढीचा माणूस ठाकोरभाई वसुलीला आला होता. चांगला गोड माणूस आहे, त्याचीच भीती वाटते. चहा पिताना म्हणे, "पाटीलभाई, करारमां लख्युं छे ने. गाडी परत करो नहीं त्यां सुधी विमो तमारो."

मी म्हटलं, गाडी तापीच्या पोटात आहे, परत कशी करू? मेलेल्या म्हशीला सरकीची ढेप घालतात का तुमच्या सुरतेत?

तो हसला आणि म्हणाला, "म्हैस मेली हे कोणी पाहिलं?" मराठीत म्हणाला हं, मला नीट कळावं म्हणून.

तुझी माय आतून म्हणे, "भरी टाका ना ते पैसा, मोकळा व्हा." मी नाही ऐकलं. मी सगळ्या आयुष्यात नाहक पैसा कोणाला दिला नाही. मी रात्रंदिवस विचार करून मुंबईच्या विमा कंपनीला सरळ पत्र लिहिलं, छापील कागदावर पत्ता होताच. विचारलं, साहेब, नसलेल्या गाडीचा विमा तुम्ही खरंच घेता काय, की मधले लोक खातात? चार वेळा खोडून लिहिलं. चांगलं झालं होतं पत्र.

आता ते पाठवल्यावर मला वाटतंय की मी सापाच्या बिळात काठी घातली की काय.

नाना


१ नोव्हेंबर

चि. जमना,

दिवाळी झाली. तुझ्या नावाचा दिवा मायने लावला नाही, लावता येत नाही, शेजारणी बघतात. तिने तो कोठीत धान्याच्या मागे लावला आणि धान्याला आग लागेल म्हणून मी विझवला. त्यावरून आमचं भांडण झालं. भांडताना आवाज नको म्हणून दोघं कुजबुजत भांडलो. इतक्या वर्षांच्या संसारात ही पद्धत नवीन आहे.

विमा कंपनीचा माणूस येऊन गेला. वर्तक नाव. धुळ्याहून आला, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात कॅमेरा. ओट्यावर बसायच्या आधी त्याने बूट काढून बाजूला नीट ठेवले. वाईट माणूस असता तर मी भांडलो असतो. तो इतक्या आदराने विचारत होता की मला घाम फुटत होता.

आधी माझ्याच बाजूने बोलला. म्हणाला, "तुमचं म्हणणं बरोबर आहे, काका. गाडी बुडाल्याचं पेढीने आम्हाला कळवलंच नव्हतं. त्या तारखेनंतरचा हप्ता तुमच्याकडून घेणं चूक. आणि परराज्याचा जादा विमा तर आमच्याकडे असा काही प्रकारच नाही." मला वाटलं, जिंकलो! मायला हाक मारून भजी करायला सांगितली.

मग त्याने वही काढली. "फक्त गाडी खरंच बुडाली, एवढं मला दाखवा. सांगाडा नाही, ठीक आहे, पूर मोठा होता. एखादा भाग? टायर? नंबरची पाटी? सुतार सांगत होता की पाटी सापडली होती."

माझ्या तोंडातली भजी तशीच राहिली.

काय सांगू त्याला? पुतळ्यात घालून जाळली? तो विचारेल का. मुलीच्या पुतळ्यात जीपची पाटी कशाला? मी म्हटलं, कुठे तरी हरवली. त्याने माझ्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नाही, नुसतं पाहिलं. लिहून घेतलं.

मग म्हणाला, "तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटलं. त्यांचं प्रेत मिळालं नाही का?"

मी नाही म्हटलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, पण गाडीच्या विम्यात माणसाच्या जिवाचीही भरपाई असते. ड्रायव्हरची चूक ठरली तर त्यांच्या नवऱ्याला पैसे मिळू शकतात. मी जाताना त्यांना भेटून सांगतो."

मी म्हटलं, नको, त्यांना दुःख होईल. तो म्हणाला, "नाही काका, हक्क आहे त्यांचा." आणि गेला. भल्या माणसाने भल्यासाठी केलं, आणि माझ्या पायाखालची माती त्याच दिवशी वाहायला लागली.

कापूस बरा आहे का? एवढं तरी कळव.

नाना


१३ नोव्हेंबर

जमना,

घाईत लिहितो. आमशाला काल पोलिसांनी शहाद्याला बोलावून नेलं आणि ठेवून घेतलं. नवलच्या घरच्यांनी अर्ज दिलाय की ड्रायव्हर दारू पिऊन होता, पुरात गाडी घातली, त्यात आमची सून गेली. त्याशिवाय त्यांना भरपाई मिळत नाही, हे त्यांना कोणी तरी पक्कं शिकवलंय. दोन साक्षीदार उभे केलेत, दोघेही त्या दिवशी गावात नव्हते.

मी भेटायला गेलो. आमशा गजांपलीकडे उकिडवा बसला होता. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणे, "मी पेयेल नही व्हतू, एवढं सांगं." मी विचारलं, आणखी? म्हणे, "आखो काय सांगू? तुम्हीनच सांगेल व्हतं, बोलानं नही." आणि वर हसला. माझ्याच्याने हसवलं नाही.

एक माणूस मारल्याबद्दल त्याला आत टाकताहेत. तो माणूस व्याऱ्याला पोरींना शिवण शिकवत असणार.

तू यायचं नाहीस. हे पहिलंच सांगून ठेवतो.

नाना


२२ नोव्हेंबर

चि. जमना हीस आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. कापसाबद्दल एक अक्षर नाही, भलतंच लिहिलंस. "मी येते आणि उभी राहते, बघू कोण मेलंय म्हणतं." कार्डावर! उघड्या कार्डावर! पोस्टमनने ते मला देताना विचारलं, "ही मोतीबाई कोन, पाटील? मोठी तिखट दिसस." मी म्हटलं, आश्रमाची बाई, वर्गणी मागते. तो म्हणाला, वर्गणीवाल्या असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, गुजरातेत लिहितात. आता तो आठवडाभर यावर डोकं चालवणार.

तरी कार्ड मी टाकून दिलं नाही. टाकायला हवं होतं. तुझ्या मायने ते ब्लाउजात ठेवलंय आणि अंघोळीला जाताना माझ्याकडे देते. तुझा "र" अजून तसाच आहे, पाय मोडल्यासारखा.

पण ऐक. तू आलीस तर तुला कोण वाचवणार? मी? माझ्या हातात काठी असते ती चालायला. नवलचं दुसरं लग्न जमलंय, माघात आहे. तू जिवंत निघालीस तर ते लग्न मोडतं, भरपाई जाते, खोटे साक्षीदार उघडे पडतात. त्या लोकांना तुझा राग होता तोवर ते मारत होते. आता त्यांना तुझी अडचण होईल. मला झोपेत दिसतं ते लिहीत नाही.

ठाकोरभाईकडे गेलो होतो, नंदुरबारला, त्याच्या पेढीच्या बसायच्या जागी. म्हटलं, हप्ते घ्या, जादा विमा घ्या, पुढच्या वर्षाचाही घ्या, माझी तक्रार मागे. नदीकाठचा तुकडा विकतो. मी, जो म्हशीच्या ढेपेवरून भांडलो, तो असा त्याच्यासमोर उभा. त्याने पैसे घेतले नाहीत. घाबरला होता तोही. म्हणाला, "पाटीलभाई, हवे मारा हाथमां कंई नथी. आता कंपनी आमच्याकडे हिशेब मागते की बुडालेल्या गाडीचा हप्ता का घेतला. तुम्ही गप्प पैसे भरले असते तर..." पुढे बोलला नाही. पुढचं मला रोज सकाळी उठल्याबरोबर ऐकू येतं. मी गप्प पैसे भरले असते तर वर्तक आला नसता, भरपाईचं कोणाला सुचलं नसतं, आमशा घरी असता. खरं होतं माझं म्हणणं, आणि खऱ्यावर अडून मी आपल्याच माणसाला बांधलं.

भिकुबाई, आमशाची बायको, रोज येते. भांडत नाही. अंगणात सावलीच्या कडेला बसते आणि शेंगा निवडते, आपल्याच घरच्या शेंगा. तुझी माय तिला म्हणाली, "बाई, तू काय बोलत काब्र नही? आम्हले शिव्या दे." तर ती म्हणाली, "तुमची पोर गयी. मी तुम्हले कसाले बोलू?"

जमना, तिला माहीत नाही. आमशाने तिलासुद्धा सांगितलं नाही. ती आमच्या दुःखाला मान देऊन बसते. तुझी माय उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी बैलांना पाणी पाजायला गेलो, बैल पाणी पिऊन आलेले होते.

नाना


५ डिसेंबर

चि. जमना हीस नानाचे आशीर्वाद.

परवा, सात तारखेला, नंदुरबारला मामलतदार साहेबांपुढे चौकशी आहे. वर्तक येणार, नवलकडचे येणार, आमशाला आणणार. मला बापाची साक्ष द्यायची आहे. मुलगी कधी निघाली, कशी निघाली, ड्रायव्हर कसा होता.

मी बरेच मार्ग शोधले, तुला वाटेल म्हातारा गप्प बसला होता. वर्तकला एकट्याला गाठून सांगावं म्हटलं. मग कळलं, त्याच्याबरोबर कागद लिहायला जो कारकून बसतो तो नवलच्या मामाचा जावई. कचेरीत सकाळी सांगितलेलं संध्याकाळी नवलच्या गावी, म्हसावदच्या बाजारात पोचतं. आमशाच दारू प्यायला होता असं म्हणावं, तर तो दोन वर्षं आत जाईल, आणि मी त्याच्या घरावरून कसा जाईन? पुतळ्यातली पाटी काय ती सांगावी, बाकी सांगू नये, असंही मनात आलं. त्याने गाडीचं खरं ठरेल, आमशाचं नाही. त्याच्यावर जीव घेतल्याचा आळ आहे. तो जीव आहे असं दाखवल्याशिवाय आळ जात नाही.

म्हणून मी खरं सांगणार आहे. तू त्या गाडीत नव्हतीस, रेल्वेने गेलीस, मीच पाठवलं, मीच खोटं बोललो, पुतळ्यात पाटी होती आणि ती मीच घातली. मला काय करतील ते करोत. खोटं क्रियाकर्म केल्याबद्दल जातवाले काय करतील त्याची भीती जास्त आहे, तुझ्या मायला पाण्याच्या घागरीला हात लावू देतील की नाही तेही माहीत नाही. पण ते आपण पाहू.

आता तुझं. हे पत्र मी स्टेशनातल्या पेटीत न टाकता स्वतः डोंगरसिंगच्या हातात देतोय. तो उद्या पहाटे लाकडाचा ट्रक घेऊन व्याऱ्यावरून सुरतेला जातो, माणूस सरळ आहे, त्याला पाकिटात काय आहे ते ठाऊक नाही. तुझ्या हातात हे उद्या दुपारपर्यंत पडेल. पडल्यावर मीनाबेनकडे जा. व्याऱ्यात राहू नकोस. मी साहेबांपुढे बोललो की त्याच संध्याकाळी नवलकडचे तिकडे निघतील, कारण स्टेशन म्हटलं की रेल्वे आली, आणि रेल्वे म्हटली की व्यारा शोधायला वेळ लागत नाही. मीनाबेनचे लोक भावनगरलाही आहेत, राजकोटलाही आहेत म्हणतात. कुठे तरी जा. पण कुठे ते मला सांगू नकोस. मायलाही नाही. साहेब मला विचारतील, मुलगी आता कुठे आहे? मला खरंच माहीत नसायला हवं. मी आयुष्यात एवढं मोठं खोटं एकदाच बोललो आणि ते किती महाग पडतं ते पाहिलं. दुसरं मला जमणार नाही, लगेच चेहऱ्यावर येईल.

म्हणजे हे पत्र झाल्यावर बराच काळ काही नाही. वर्ष म्हण, दोन म्हण. मी मोजणार नाही. नवलचं प्रकरण कोर्टात निकाली निघालं, तुझा त्याच्याशी संबंध कागदावर तुटला, की मीनाबेन मला कळवतील, तेव्हा बघू. वर्तक म्हणतो, आता कायदा झालाय, बाईला सोडचिठ्ठी मागता येते. तो सहज बोलत होता, कोणाबद्दल ते त्याला माहीत नव्हतं. मी कान देऊन ऐकलं.

मीनाबेनचे पैसे अंगावर ठेवू नकोस, शिवणकामातून फेड. थंडी आहे, मायची घोंगडी घेतली असशील, ती पेटीत दडवू नकोस, पांघर. ट्रेनमध्ये बायकांच्या डब्यात बस आणि कोणी गाव विचारलं तर सुरत सांग, सुरत मोठं आहे.

मी फार घाबरलोय, पोरी. परवा त्या खोलीत नवल समोर बसलेला असेल आणि मला तोंड उघडायचं आहे. भिकुबाई येतेय आपल्या बैलगाडीत, तिला नवरा बघायचा आहे. मी तिला अजून काही सांगितलं नाही, आधी साहेबांना सांगेन, म्हणजे तिच्यावर ओझं नको. तिच्या शेजारी तीन कोस बसायचं आहे.

संध्याकाळी चुलीपाशी तुझ्या मायने विचारलं, "साहेबले पहिलं काय म्हनशाल?"

आपली लेक जिवंत आहे, हे इतके महिने या घरात मोठ्याने कोणी बोललं नव्हतं, कोठीतसुद्धा नाही. मग म्हटलं, "मन्ही आंडेर जित्ती शे."

भाकरी तव्यावर करपली, तिने उलटली नाही. म्हणे, "आखो एकदाव म्हना."

नाना